कुणीतरी प्रतिनिधी व्हा की

थंडी सोलापुरात दबकत येते. दुपारी दुकानात अजून पंखा लागतो, आणि पहाटे मात्र डोळे न उघडता हात पायाशी चादर शोधायला लागतो. याच दिवसांत पुण्याच्या रस्त्याला, मोहोळच्या पुढे, शाळूची रानं अंगावर येतात, कणसांत दूध भरतं, आणि शुक्रवार पेठेतली माणसं माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून एकमेकांना विचारायला लागतात, "यंदा हुरड्याला कुठं?" मलाही विचारतात. मी "बघू" म्हणून पुन्हा स्क्रीनकडे वळते. हुरड्याचे दिवस आले की कणसाच्या वासाआधी माझ्या कपाळाला आठी येते. कारण आमची निवड नेमकी याच दिवसांत असते.

गेल्या आठवड्यात ती सूचना आलीच. दरवर्षी शब्द तेच. पुढच्या वर्षासाठी प्रत्येक गटाने आपला प्रतिनिधी निवडावा. स्वतःचं नाव द्यावं किंवा दुसऱ्याचं सुचवावं, सुचवलेल्या माणसाची संमती घ्यावी. खाली इंग्रजीत गोड शब्दांत लिहिलेलं असतं की प्रतिनिधी हा साहेब नव्हे, तो गटाचा आवाज आहे. मी ते वाचलं आणि गेल्या वर्षीचा धूर पुन्हा डोळ्यांत गेल्यासारखं झालं.

आधी सांगायला हवं की मी यात पडले कशी. माझं दुकान डीटीपीचं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दशक्रियेची कार्डं. कन्नड मजकूर आला तर तोही मीच लावते, कारण माहेरी आम्ही कन्नडच बोलायचो. काही वर्षांपूर्वी मी एक फुकटचं सॉफ्टवेअर वापरायला लागले. जगभरातली माणसं आपापला वेळ काढून ते मिळून बनवतात, त्याचा आतला कारभार सगळ्यांना उघडा असतो, कुणीही त्यात हात घालून दुरुस्ती सुचवू शकतो. सगळं छान चालायचं, फक्त "वऱ्हाड" उमटायचं नाही. त्यातला तो अर्धा र उडी मारून ह च्या डोक्यावर जाऊन बसायचा. आता लग्नपत्रिकेत वऱ्हाडच मोडलं तर राहिलं काय? एका नवरदेवाच्या आत्यानं पत्रिका हातात घेऊन मला सुनावलं, "बाई, आमचं वऱ्हाड लंगडं कशाला काढलं?" त्या रागात मी तुटक्या इंग्रजीत तक्रार लिहून टाकली. उत्तर आलं ते कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाचं. मराठीचं एक अक्षर न येणारा तो माणूस मला विचारत राहिला, हा र नक्की कसा दिसायला हवा, चित्र काढून पाठवता का? मी कागदावर काढून पाठवला. काही आठवड्यांनी वऱ्हाड नीट उमटलं. एका परक्या माणसानं माझ्या वऱ्हाडासाठी आपले रविवार घातले होते. मला भरून आलं. मी त्यांच्या मराठी गटात शिरले ती तेव्हा.

गट म्हणजे आम्ही मूठभर माणसं. सॉफ्टवेअरमधली सगळी बटणं, सूचना, मदतीची पानं मराठीत आणायची, हे आमचं काम. मोडनिंबचा रेवण आहे. तो एका कंपनीचं काम शेतातल्या घरी बसून करतो आणि उरलेल्या वेळात आमच्या तांत्रिक गाठी सोडवतो. मोहोळचे माने सर आहेत, मराठीचे निवृत्त शिक्षक, प्रत्येक अनुस्वार तपासणारे. आणि यास्मिन आहे, इथल्याच एका मुलींच्या शाळेत संगणक शिकवणारी. कामाच्या मानानं पाहिलं तर निम्मा गट म्हणजे एकटी यास्मिन. दुपारच्या सुट्टीत, बसथांब्यावर, भाजी शिजेपर्यंत ती भाषांतर करत असते.

प्रतिनिधीचं काम तसं निरोप्याचं. गटानं काय केलं ते कळवायचं, सगळ्या देशांच्या गटांची दर आठवड्याला इंग्रजीत लेखी बैठक होते तिथं हजर राहायचं, आणि आपलं काही अडलं असेल तर ते तिथं लावून धरायचं. नियमानं एक वर्षाचं काम. मी मात्र लागोपाठ तीन वर्षं ते ओढलं. कुणी निवडून दिलं म्हणून नाही, कुणी बोललंच नाही म्हणून. मी ग्रुपवर विचारायची, "पुढच्या वर्षी कोण?" की सगळीकडे सामसूम. मग कुणीतरी अंगठा टाकायचा. अंगठा कशाला? मी प्रश्न विचारलाय, अंगठ्यानं काय कळणार? मग रेवण लिहायचा, "ताई, तुमीच ऱ्हावा की. तुमच्याएवढं कुणाला जमतंय?" सर लिहायचे, "महानंदाताईंना पर्याय नाही." ही अशी स्तुती मला आताशा ओळखू येते. स्वतःची सुटका करून घेण्यासाठी माणसं दुसऱ्याच्या गळ्यात हार घालतात. घरी लग्नकार्यात ज्या सुनेच्या हाताला चव असते, तिला सगळे कौतुकानं चुलीपुढे बसवून ठेवतात, तसंच हे.

गेल्या थंडीत मी ठरवलं, आता पुरे. रेवणनं हुरड्याला बोलावलं होतं. मी म्हटलं, सगळ्यांना एकत्र बोलाव, समोरासमोर बसू, तिथंच ठरवू. स्क्रीनवर गप्प बसणारी माणसं तोंडापुढे तोंड आल्यावर तरी बोलतील, असं मला वाटलं होतं. पुण्याचा अनिकेतही येतो म्हणाला. तो गटात नवा होता, काम बेताचं, बोलणं मात्र भारी. मी आणि यास्मिन सकाळच्या एसटीनं मोडनिंबला गेलो, मोहोळला सर चढले.

ती सकाळ आठवली की आजही बरं वाटतं, तेवढं मान्य करायला हवं. रानात आगटी पेटवलेली, शेण्यांचा निळसर धूर जमिनीलगत सरपटत होता. रेवणची आई पदर खोचून कणसं निखाऱ्यात खुपसत होती आणि तळहातावर चोळून, फुंकर मारून, हिरवेगार दाणे आमच्या पुढ्यात टाकत होती. बरोबर शेंगाची चटणी, गूळ, दही. "खावा की बाई, गरम हाय तवर खावा. बोलायला काय, दिवस पडलाय," ती म्हणायची. यास्मिननं स्वतः एक कणीस चोळायला घेतलं आणि हात भाजून घेतला, त्यावर दोघी हसल्या. अनिकेत आला नाही. त्याचा निरोप आला, ऐन वेळी काम निघालं, तुम्ही ठरवाल ते मान्य.

खाणं झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, "मी यंदा राहणार नाही. मी यास्मिनचं नाव सुचवते."

यास्मिननं चमकून माझ्याकडे पाहिलं. रेवण लगेच म्हणाला, "माझी काय ना न्हाय. चांगलंच हाय की." त्याला आपलं नाव आलं नाही याचाच आनंद झाला होता.

सर थोडा वेळ दाणे निवडत राहिले. मग म्हणाले, "काम उत्तमच आहे तिचं. प्रश्नच नाही. पण प्रतिनिधी म्हणजे जगापुढे मराठीचा चेहरा, एवढाच विचार मनात आला. अर्थात यास्मिनची मराठी इतकी छान आहे की वाटतच नाही."

"काय वाटत नाही, सर?" यास्मिननं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

सर गडबडले. "नाही, म्हणजे, शुद्ध आहे, असं म्हणायचं होतं मला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरांना म्हटलं, तुम्ही शुद्ध म्हणता ती भाषा गेल्या वर्षभर जिनं लिहिली ती ही मुलगी आहे. तुमचे अनुस्वार नीट बसतात कारण खालचं वाक्य तिनं नीट लिहिलेलं असतं. माझ्या घरी कन्नड बोलतात, मग तीन वर्षं मी चेहरा म्हणून कशी चालले? तेव्हा कुणाला आठवलं नाही ते? माझा आवाज चढला. सर म्हणाले, "ताई, तुम्ही विपर्यास करताय." मी म्हटलं, "मग सरळ करून सांगा." ते पुन्हा दाणे निवडायला लागले. ते वाईट माणूस नाहीत. तेच मला जास्त चिडवणारं होतं, कारण वाईट माणसाशी भांडण निदान संपतं तरी.

शेवटी यास्मिनच म्हणाली, "मला नकोय ते पद. शाळेचं फार असतं." आणि तिनं रेवणच्या आईला विचारलं, "काकी, पाणी कुठं आहे?"

परतीच्या एसटीत सर मोहोळला उतरले. उतरताना त्यांनी दोघींना हात जोडले. गाडी सुटल्यावर यास्मिनच्या अम्मीचा फोन आला, "आ रई मैं," म्हणून तिनं तो ठेवला आणि खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्यासाठी भांडलात. पण माझं नाव घ्यायच्या आधी मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं ना? आता सगळ्यांना काय कळलं, की माझ्यावरून वाद झाला. मी तिथं बटणं लिहिते तेव्हा कुणी माझं नाव बघत नाही. मला तेच आवडतं."

मला अजूनही वाटतं की मी भांडले ते बरोबरच होतं, आणि तिचं म्हणणंही बरोबर होतं. या दोन गोष्टी एकाच बाकावर शेजारी बसून सोलापूरपर्यंत आल्या, एकमेकींशी न बोलता.

त्याच संध्याकाळी अनिकेतनं ग्रुपवर स्वतःचं नाव टाकलं. बरोबर भलामोठा परिच्छेद. मराठीला जागतिक व्यासपीठ, तरुणांचा सहभाग, नवी दिशा. वर एक रॉकेटचं चित्र. आणि काय सांगू, जे लोक वर्षभर एक ओळ लिहीत नव्हते तेसुद्धा कुठून कुठून उगवले आणि अंगठ्यांची रांग लागली. सरांनी लिहिलं, "तरुण रक्ताला संधी मिळावी." रेवणनं मला खासगीत लिहिलं, "सुटलो बगा ताई." मी कुणाच्याच विरोधात लिहिलं नाही. नाव त्यानं स्वतः दिलं होतं, नियमाप्रमाणे दिलं होतं, आणि दुसरं नावच नव्हतं. ज्या निवडीत एकच माणूस उभा असतो तिला निवड का म्हणतात, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढे "मराठी प्रतिनिधी" झळकलं. सुरुवातीच्या एक-दोन बैठकांना तो गेला. मग त्याला नवी नोकरी लागली. मग तो दिसेनासा झाला. अगदी भूत झाला म्हणा. नाव तसंच, पद तसंच, आत माणूस नाही. मी विचारलं की हसरा चेहरा पाठवायचा, "या आठवड्यात नक्की, ताई."

संक्रांत झाली, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे उतरले, शाळू काढून झाला, रानं मोकळी पडली. सोलापूरचा उन्हाळा कसा असतो ते सांगत बसत नाही. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यायची होती. यास्मिननं आधीच एक चूक पकडली होती. आपण लिहिलेलं साठवून न ठेवता बंद करायला गेलो की ते विचारतं ना, काय करू? त्यात एक बटण असतं "जतन करा" आणि दुसरं "जतन करू नका". गटाबाहेरच्या कुणीतरी, जिथं आमचा हात पोचत नाही तिथं, जागा कमी पडते म्हणून दुसऱ्या बटणाचा मजकूर कापला होता, आणि त्यातलं "नका" गेलं होतं, उरलेलं "करू" पहिल्या बटणासारखं "करा" करून टाकलं होतं. आता दोन्ही बटणांवर "जतन करा". एकानं साठवलं जायचं, दुसऱ्यानं सगळं पुसलं जायचं.

यास्मिननं ते ग्रुपवर टाकलं. अनिकेतला उद्देशून टाकलं. पुन्हा टाकलं. मुदत जवळ आली तेव्हा मी स्वतः मोठ्या बैठकीत जाऊन लिहिलं. मला अतिशय सभ्य उत्तर मिळालं, की अखेरच्या दिवसांत फार गोंधळ होतो, म्हणून अशा गोष्टी कृपया तुमच्या गटाच्या प्रतिनिधीमार्फत येऊ द्याव्यात. मी लिहिलं, प्रतिनिधी जागेवर नाही. उत्तर आलं, मग तुमच्या गटानं त्याच्याशी बोलावं. मी म्हटलं, त्याला बदलता येतं का? उत्तर आलं, वर्षाच्या मध्ये बदलण्याची पद्धत अजून ठरलेली नाही, सूचना चांगली आहे, कुणी मसुदा लिहायला तयार आहे का?

कुणी तयार आहे का! हसावं की रडावं ते कळेना. स्क्रीन बंद केली आणि एका बारशाची पत्रिका लावायला घेतली.

आवृत्ती तशीच बाहेर पडली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत यास्मिन दुकानात आली. शाळा सुटल्यावर थेट आलेली, पर्स खांद्यावर तशीच. तिच्या आठवीच्या मुलींनी आपल्या गल्लीवर निबंध लिहिले होते. कुणी यंत्रमागांवर, कुणी विड्या वळणाऱ्या आजीवर. अख्खा तास एक-एक बोटानं टाइप करून. तास संपला, घंटा झाली, मुलींनी घाईत स्क्रीनवरची खिडकी बंद केली, बटण दाबलं. बटणावर "जतन करा" लिहिलेलं होतं. निम्म्या वर्गाचं लिखाण गेलं.

"एक मुलगी मला म्हणाली, मॅडम, मी वाचून दाबलं," यास्मिन म्हणाली. "वाचून दाबलं म्हणाली, ताई. मी वर्षभर त्यांना काय शिकवते? घाबरू नका, मराठीत आहे, वाचा आणि दाबा."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती प्यायली नाही. "ते भाषांतर माझं होतं. मी 'नका' लिहिलं होतं," एवढंच पुन्हा म्हणाली आणि गेली.

त्यानंतर ती काम करत राहिली, पण गटात बोलायची नाही. मी एक-दोनदा फोन केला, इकडचं तिकडचं बोललो. श्रावण गेला, दिवाळीच्या कार्डांची गर्दी गेली. फुकट काम करणाऱ्या माणसांबद्दल लोक हळवं बोलतात. मला त्या दिवसांत फक्त एवढं दिसत होतं की ज्याला कुणी पगार देत नाही त्याला कुणी जाबही विचारत नाही, आणि सगळा भार शेवटी ज्याला लाज वाटते त्याच्यावर येऊन पडतो. अनिकेतला लाज वाटली नाही. बैठकीतल्या सभ्य लोकांना वाटली नाही. वाटली ती यास्मिनला, जिची चूक नव्हती.

तर गेल्या आठवड्यात ही यंदाची सूचना आली. मी ती ग्रुपवर टाकली आणि खाली काहीच लिहिलं नाही. कुणाचं नाव नाही, आवाहन नाही. नेहमीची सामसूम झाली. समोरच्या गाडीवर कुणीतरी हुरड्याची पाकिटं विकायला आणली होती आणि गिऱ्हाईक भाव करत होतं. दुपारी यास्मिनचा फोन आला.

"ताई, माझं नाव तुम्ही सुचवू नका."

"नाही सुचवत," मी म्हटलं. खरं तर माझा जीव खट्टू झाला.

"मी माझं मी लिहिते."

आणि तिनं लिहिलं. रॉकेट नाही, दिशा नाही. "मी यास्मिन. या गटात भाषांतर करते. पुढच्या वर्षी प्रतिनिधी व्हायला तयार आहे. जे अडेल ते बैठकीत मांडेन आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहीन."

रेवणनं ताबडतोब अनुमोदन दिलं. मी दिलं. अनिकेतचा अंगठा आला, तो अजून जिवंत आहे हे त्यामुळे कळलं. सरांचं काही येईना. संध्याकाळी दिवे लागल्यावर त्यांची ओळ आली, "माझी काही हरकत नाही."

माझं पुन्हा डोकं फिरलं. हरकतीचं तुम्हाला विचारलं कुणी? मी लिहायला बोटं उचलली आणि कशीबशी आवरली. तेवढ्यात यास्मिनचंच उत्तर आलं होतं.

"सर, हरकत नाही एवढ्यानं भागणार नाही. अनुमोदन असेल तर तसं लिहा, नसेल तर कारण लिहा. दोन्ही चालेल."

मी दुकानाचं निम्मं शटर ओढून पुन्हा येऊन बघितलं. सरांनी लिहिलं होतं, "अनुमोदन. गेल्या वर्षी मोडनिंबला जे बोललो ते बोलायला नको होतं." यास्मिननं खाली "आभार, सर" लिहिलं. बाकी काही नाही.

काल तिची पहिली बैठक होती. मीही तिथं होते, नुसती वाचायला. सगळ्या गटांची ओळख झाली, स्वागत झालं, फुलांची चित्रं पडली. कुणाचं काही अडलंय का, असं विचारल्यावर तिनं अजून तसंच राहिलेल्या त्या बटणाचं पहिलं मांडलं. दोन वाक्यांत चूक, दोन वाक्यांत वर्गात काय झालं ते. उत्तर सभ्यच आलं. माहितीबद्दल आभार, मुलींबद्दल वाईट वाटलं, पुढच्या आवृत्तीत नक्की बघू. मला वाटलं, संपलं, आता ते पुढच्या गटाकडे वळणार. पुढच्या गटाचं नाव लिहिलंही गेलं.

त्याच्याखाली यास्मिनची ओळ आली. तिनं विचारलं होतं, "पुढची आवृत्ती उन्हाळ्यात येईल. माझा तास उद्या सकाळी आहे. तोवर माझ्या मुलींनी कुठलं बटण दाबायचं?"